कोहाची किंमत डेड स्टॉक रजिस्टरात किती लिहायची? (ओपन सोर्सच्या आर्थिक मूल्याबद्दल)

गोदातीर (नांदेड)

नमस्कार मंडळी.

मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि ग्रंथालय समितीवर आहे. आमच्या ग्रंथालयाचा सगळा कारभार कोहा या ओपन सोर्स (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे आणि जे कुणीही वापरू, बदलू शकतं अशा) सॉफ्टवेअरवर चालतो. पुस्तकांच्या नोंदी, देवघेव, बारकोड, मुदत उलटलेल्या पुस्तकांची यादी, सगळं त्यातच. यंदा साठा पडताळणीला डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे संस्थेच्या ताब्यातल्या वस्तूंची नोंदवही, उघडलं. त्यात सर्व्हर आहे, बारकोड स्कॅनर आहे, यूपीएस आहे, लोखंडी मांडण्यासुद्धा आहेत. कोहा कुठेच नाही. लेखापरीक्षकांचं म्हणणं सरळ होतं, बिल नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून देखभालीची तरतूदही नाही. अंदाजपत्रकात यूपीएसच्या बॅटरीला पैसे आहेत, पण ज्यात सगळ्या पुस्तकांचा हिशेब आहे त्याच्या बॅकअपला रुपया नाही.

म्हणून हा धागा काढतोय. ज्याला दर नाही अशा वस्तूचं मूल्य कसं मोजायचं?

यावर जगात गंभीरपणे काम झालंय. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मॅन्युएल हॉफमन आणि फ्रँक नेगल, तसंच टोरोंटो विद्यापीठातले यानुओ झोऊ यांचा 2024 चा अभ्यास सगळ्यात जास्त चर्चेत आहे. सर्वत्र वापरात असलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर उद्या नव्यानं एकदाच लिहून काढायचं म्हटलं तर त्यांच्या हिशेबानं 415 कोटी डॉलर लागतील. मात्र ते अस्तित्वातच नाही आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापलं लिहावं लागतंय असं धरलं, तर आकडा जातो 8.8 लाख कोटी डॉलरवर. वस्तू तीच, फरक दोन हजार पटींहून जास्त. कंपन्यांना सॉफ्टवेअरवर आजच्या साडेतीन पट खर्च करावा लागला असता, असंही ते म्हणतात. यात ऑपरेटिंग सिस्टिम धरलेल्याच नाहीत, म्हणजे लिनक्स बाहेर ठेवून हे आकडे आहेत.

राष्ट्रीय उत्पन्नात यातलं फार थोडं दिसतं. तिथे मोजणी बाजारभावानं होते आणि इथे भावच शून्य. ग्रीनस्टीन आणि नेगल यांनी 2014 मध्ये फक्त अपाची या वेब सर्व्हरचा (वेबसाइटची पानं वाचणाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅमचा) अमेरिकेपुरता हिशेब मांडला, तोच 200 ते 1,200 कोटी डॉलरच्या दरम्यान निघाला. एका सर्व्हर प्रोग्रॅमची ही गोष्ट.

माझं मत असं की 'किंमत किती' हे विचारण्याआधी 'कशाच्या तुलनेत' हे ठरवायला हवं. 415 कोटी आणि 8.8 लाख कोटी दोन्ही बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आपल्या मराठवाड्यातल्या कॉलेजांना, कारखान्यांना, संस्थांना यातला कोणता प्रश्न लागू पडतो? आणि मी रजिस्टरात काय लिहू? अनुभव असणाऱ्यांनी सविस्तर लिहावं.

मांजराकाठ (लातूर)

सर, चांगला विषय. मी लातुरात घरी बसून पुण्याच्या कंपनीसाठी कोड लिहितो, त्यामुळे 'लिहून काढायचा खर्च' कसा काढतात ते सांगतो.

पद्धत जुनी आहे. बॅरी बोहम यांनी 1981 मध्ये कोकोमो नावाचं सूत्र मांडलं. सगळ्यात साध्या रूपात, कोडच्या हजार ओळी किती ते घ्यायचं, त्याचा 1.05 घात करायचा, 2.4 ने गुणायचं. उत्तर येतं माणूस-महिन्यांत. एक लाख ओळींचा प्रोग्रॅम असेल तर साधारण 302 माणूस-महिने, म्हणजे एका माणसाची पंचवीस वर्षं. मग महिन्याच्या पगारानं गुणा. डेव्हिड व्हीलर यांनी 2001 मध्ये याच वाटेनं रेड हॅट लिनक्स 7.1 ही लिनक्सची एक तयार आवृत्ती मोजली. तीन कोटींहून जास्त ओळी, आठ हजार माणूस-वर्षं, शंभर कोटी डॉलरच्या वर खर्च. 2008 मध्ये लिनक्स फाउंडेशननं फेडोरा 9 ही अशीच दुसरी आवृत्ती मोजली, ती 1,080 कोटी डॉलर भरली.

यात दोन अडचणी आहेत. पहिली ओळींची. चांगला प्रोग्रॅमर पाचशे ओळींचं काम शंभर ओळींत आणतो, आणि या सूत्रात त्यामुळे मूल्य घटतं. मी गेल्या महिन्यात एका लायब्ररीतला (म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडच्या संचातला) जुना, कुणी न वापरणारा भाग काढून टाकला. ती आता आधीपेक्षा चांगली चालते, पण या हिशेबात ती स्वस्त झाली.

दुसरी अडचण पगाराची, आणि ती आपल्या जास्त जवळची आहे. तुम्ही दिलेले 415 कोटी जगाच्या सरासरी पगारावरचे आहेत. त्याच अभ्यासात भारतातला पगार धरला तर 122 कोटी येतात आणि अमेरिकेतला धरला तर 622 कोटी. कोड तोच, ओळी त्याच, काम तेवढंच. लातूरच्या पोरानं लिहिलं म्हणून मूल्य पाचव्या हिश्शावर येतं, हे मला पटत नाही. तो खर्च झाला, मूल्य नव्हे. खर्चावरून मूल्य ठरवायचं म्हटलं की स्वस्तात केलेलं काम कायम कमी दिसणार.

बालाघाट (बीड)

गोदातीर सर, एवढे मोठाले आकडे वाचून माणूस दबून जातो. साध्या भाषेत सांगतो, चुकत असंल तर सांगा.

गावात एक सामाईक आड आहे. तो खांदायला जो खर्च आला तो तुमचा पहिला आकडा. आड नसता अन् गावातल्या हर एक घरानं आपापला खांदला असता तर जो खर्च, तो दुसरा आकडा. पण आमच्याकडचं खरं काय हाये? आड नसता तर निम्म्या घरांनी खांदलाच नसता. त्येंच्याकडं पैसाच नाही. ते टँकरची वाट बघत बसले असते नाहीतर गाव सोडून गेले असते. मग त्या घरांसाठी 'वाचलेला खर्च' कुठून आला? जो खर्च होणारच नव्हता तो वाचला कसा म्हणायचा?

माझा भाचा अंबाजोगाईत डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, बॅनर, वह्यांची कव्हरं. आता ही पोरं इंकस्केप अन् गिंप ही चित्रं-डिझाइनची ओपन सोर्स सॉफ्टवेअरं वापरायलेत. हे नसतं तर महागाचं पॅकेज त्यानं विकत घेतलं असतं का? अजिबात नाही. त्यानं धंदाच सुरू केला नसता. मग त्याच्या बाबतीत मोजायचं काय, पॅकेजची किंमत का त्याची वर्षाची कमाई?

गोदातीर (नांदेड)

बालाघाट भाऊ, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. केरळचं उदाहरण पाहा. तिथल्या शाळांनी संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं, आणि हे काम फार मोलाचं आहे यात शंका नाही. 2019 मध्ये बचतीचा आकडा 3,000 कोटी रुपये सांगितला गेला. तो आला कसा? दोन लाखांहून जास्त संगणक, आणि प्रत्येकावर तेवढंच सगळं विकतचं सॉफ्टवेअर घातलं असतं तर दर संगणकामागे दीड लाख. गुणाकार बरोबर आहे. पण कोणत्या राज्य सरकारनं शाळेच्या एकेका संगणकावर दीड लाखाचं सॉफ्टवेअर घातलं असतं? फार तर ऑपरेटिंग सिस्टिम आणि ऑफिस घेतलं असतं. भूमितीचं, आवाजाचं, चित्रांचं, नकाशांचं सॉफ्टवेअर मुलांना मिळालंच नसतं.

तेव्हा खरी बचत 3,000 कोटींपेक्षा कमी धरायला हवी, आणि खरा लाभ कदाचित त्याहून जास्त. कारण मुलांच्या हातात जे आलं ते एरवी आलंच नसतं. बचत आणि लाभ या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या गोष्टी आहेत. आपण त्या एकत्र करतो आणि मग विरोधक 'हा आकडा फुगवलेला आहे' म्हणून सगळंच उडवून लावतात.

भाच्याच्या बाबतीत वर्षाची सगळी कमाई सॉफ्टवेअरच्या नावे लावता येणार नाही, कारण त्यात त्याचे कष्ट, प्रिंटर, दुकानाचं भाडं आहे. पण त्यातला एक वाटा नक्की लावता येईल.

वाळूजकर (छ. संभाजीनगर)

वाळूज एमआयडीसीतल्या एका लघुउद्योगात मी आयटी सांभाळतो. आम्ही गाड्यांचे सुटे भाग करतो. आमच्याकडे ईआरपीनेक्स्ट आहे, खरेदी, साठा, हिशेब असा कारखान्याचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, मुंबईच्या कंपनीनं केलेलं, जीपीएल या खुल्या लायसन्सवर.

नाण्याची दुसरी बाजू मांडतो. लायसन्स शून्य म्हणजे खर्च शून्य असं कुणी समजू नये. आमचा खर्च असा झाला: जुन्या पॅकेजमधले पार्ट नंबर स्वच्छ करून नवीन ठिकाणी आणणं, स्टोअरमधल्या लोकांना शिकवणं, सर्व्हरचं भाडं, आणि सुरुवातीचे काही महिने एका सल्लागाराची फी. यातला सगळ्यात मोठा भाग पार्ट नंबरांचा. एकच बुश तीन नावांनी नोंदलेला असायचा. हे काम विकतच्या सॉफ्टवेअरलाही करावंच लागलं असतं, म्हणून तुलना करताना ते दोन्हीकडे धरावं लागतं. बरेच लोक एकाच बाजूला धरतात. ओपन सोर्सवाले ते विसरतात आणि विकणारे तेवढंच दाखवतात.

आता लाभ. आमचा माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर जातो. जीएसटीच्या नियमानं जॉब वर्कला गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, नाहीतर तो तिथेच विकला असं धरून कर लागतो. कोणत्या चलनावरचा (माल पाठवल्याच्या कागदावरचा) किती माल कुणाकडे किती दिवस पडलाय हे एका पानावर दिसायला हवं होतं. आधीच्या पॅकेजवाल्यांकडे ही मागणी केली तर त्यांच्या यादीत ती कुठेतरी खाली गेली. इथे कोड हातात होता, आमच्याच मुलानं तो रिपोर्ट तयार केला. रोज सकाळी डिस्पॅचचा माणूस तो उघडतो. मुदत जवळ आलेली चलनं लाल रंगात वर येतात आणि तो प्लेटिंगवाल्याला फोन लावतो.

सर, हा रिपोर्ट तुमच्या कोणत्या आकड्यात बसतो? लायसन्सच्या बचतीत नाही, लिहिण्याच्या खर्चात नाही. बदल करण्याची मोकळीक होती म्हणून तो झाला. माझ्या मते सगळ्यात मोठं मूल्य हेच आहे आणि याची मोजणी कुणीच करत नाही.

ग्रंथसखी (परभणी)

वाळूजकर दादांच्या मुद्द्याला माझी जोड. मी ग्रंथपाल आहे. कोहा न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी लिहिलं गेलं आणि जानेवारी 2000 मध्ये तिथे सुरू झालं. एका छोट्या ग्रंथालयाची गरज होती आणि आज आपण नांदेड-परभणीत ते वापरतोय.

आमच्याकडे आधी एक विकतचं पॅकेज होतं. वार्षिक देखभालीचा करार संपला, पुढचा दर परवडला नाही. पॅकेज चालू राहिलं, पण त्यातल्या नोंदी दुसरीकडे नेता येईनात. पुस्तकाचं नाव निघे, लेखक निघे, मात्र मराठी मजकूर जुन्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत. युनिकोडमध्ये आणला की 'कृषी' शब्दाचे तुकडे व्हायचे. शेवटी दाखल नोंदवही समोर ठेवून हजारो पुस्तकं पुन्हा टंकावी लागली. सुट्टीच्या दिवशी बसून मी आणि आमचे शिपाईमामा हे काम करत होतो. मामा आकडा वाचत, मी टंकत असे.

कोहात नोंदी मार्क 21 या जगमान्य नमुन्यात असतात. उद्या कोहा सोडायचं ठरलं तरी माझ्या नोंदी माझ्याबरोबर येतील. दुसऱ्या ग्रंथालयानं केलेली नोंद थेट उतरवूनही घेता येते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांची निम्मी टंकणी वाचते. सोडून जाता येण्याची किंमत काय? सर, मला विचाराल तर आमच्या त्या सुट्ट्यांचे तास मोजा. ते हजेरीपटावर कुठेच नाहीत, पण झाले ते खरेच.

आणखी एक. आता विकतची पॅकेजवाली मंडळी दर सांगताना आधी विचारतात, 'तुम्ही कोहाचा विचार करताय का?' आणि दर खाली येतो. ज्या ग्रंथालयानं कोहा घेतलंच नाही त्याचाही पैसा कोहामुळे वाचला. तो कुठे धरायचा?

मोसंबीबाग (जालना)

मी सीए आहे, त्यामुळे लेखापरीक्षकांची बाजू घेणं भाग आहे. गोदातीर सर, त्यांनी चुकीचं सांगितलेलं नाही. लेखामानक 26 नुसार अमूर्त मालमत्ता तिच्या खर्चानं नोंदवायची असते आणि तो खर्च खात्रीनं मोजता आला पाहिजे. तुमच्या खर्चाचं बिलच नसेल तर ताळेबंदात कोहापुढे रक्कम लिहिता येणार नाही. हार्वर्डचा अभ्यास दाखवून मी कुणाच्या ताळेबंदात मालमत्ता वाढवू देणार नाही. हे नियम फसवणूक रोखण्यासाठी आहेत.

पण रक्कम न लिहिणं आणि नोंद न ठेवणं या दोन गोष्टी आहेत. डेड स्टॉक रजिस्टर हे ताब्यातल्या वस्तूंचं रजिस्टर आहे. फुकट मिळालेली वस्तू नाममात्र एक रुपया दर लावून नोंदवण्याची पद्धत सगळीकडे आहे. सरकारकडून विनामूल्य मिळालेल्या मालमत्तेला लेखामानक 12 सुद्धा नाममात्र मूल्यच लावायला सांगतं. कोहा एक रुपयाला नोंदवा आणि शेरा रकान्यात आवृत्ती, बसवल्याची तारीख, कोणत्या सर्व्हरवर आहे ते लिहा. बसवण्यासाठी, नोंदी आणण्यासाठी कुणाला पैसे दिले असतील तर ते बिल आहेच, ते दाखवा.

तेरणा (धाराशिव)

मी पाणलोटाच्या कामात आहे. आम्ही क्यूजीआयएस हे नकाशांचं (जीआयएस) ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. गावाचा नकाशा स्कॅन करून जागेवर बसवायचा, त्यावर उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून ओघळ काढायचे, मग गट नंबरांची रेघ टाकून कोणत्या बांधाचं पाणी कुणाच्या रानात उतरतं ते ग्रामसभेत भिंतीवर दाखवायचं. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर हे काम एका गावाला आठवडाभर चालायचं, तरी उंचीचा अंदाज डोळ्यानंच. गेल्या उन्हाळ्यात एका गावात नाला बांधाची ठरलेली जागा आम्ही नकाशा पाहून वर सरकवली, कारण खालच्या जागी दोन ओघळ मिळतच नव्हते. म्हाताऱ्या शेतकऱ्यांनी भिंतीवरचा नकाशा बघून लगेच ओळखलं, 'बरोबर, पाणी तिकडूनच येतं.'

आमच्यासारख्या संस्थेनं विकतच्या जीआयएसचं लायसन्स कधीच घेतलं नसतं. म्हणजे बालाघाट भाऊ म्हणतात तसं, आमची 'बचत' शून्य. चुकीच्या जागी जाणारा बांधाचा खर्च टळला, हा लाभ. निविदेतली रक्कम समोर असते, त्यामुळे निदान हा मोजता तरी येतो.

मांजराकाठ (लातूर)

सगळे वापरणाऱ्यांच्या बाजूनं बोलताहेत, ते योग्यच आहे. पण लिहिणाऱ्यांकडेही बघा. त्याच हार्वर्डच्या अभ्यासात आहे की वापराच्या बाजूनं मोजलेल्या मूल्यापैकी (म्हणजे त्या 8.8 लाख कोटींपैकी) 96 टक्के हे फक्त 5 टक्के प्रोग्रॅमरांच्या कामातून आलेलं आहे. थोडी माणसं जगाचा भार उचलतात.

2014 मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं. अर्ध्या इंटरनेटचे सुरक्षित व्यवहार ज्यावर चालत होते त्या प्रकल्पाला तोपर्यंत वर्षाला साधारण 2,000 डॉलर देणगी मिळायची. 2024 मध्ये एक्सझेड या फाइल्स लहान करणाऱ्या प्रोग्रॅमचं प्रकरण झालं. थकलेल्या एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास हळूहळू मिळवून कुणीतरी आत चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून तो सापडला.

मूल्य मोजायचं ते यासाठी. युरोपीय आयोगासाठी 2021 मध्ये झालेल्या अभ्यासात 2018 सालची गुंतवणूक सुमारे 100 कोटी युरो आणि अर्थव्यवस्थेवरचा परिणाम 6,500 ते 9,500 कोटी युरो असा अंदाज आहे. असा आकडा समोर आला की सरकार आणि कंपन्या निदान विचार तरी करतात. आपल्याकडे झेरोधा या शेअर दलाली कंपनीनं 2024 मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. केंद्र सरकारचं ओपन सोर्स स्वीकारण्याचं धोरण 2015 पासून आहे. पण 'स्वीकारा' म्हणणं वेगळं आणि 'सांभाळा' म्हणणं वेगळं.

बालाघाट (बीड)

मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? भाचा काही डॉलर पाठवू शकत नाही.

ग्रंथसखी (परभणी)

भाऊ, पैशाशिवायही देता येतं. मी कोहाच्या मराठी भाषांतरात भर घालते. 'होल्ड'ला काय म्हणायचं, 'आयटम टाइप'ला काय, हे ग्रंथालयात बसणाऱ्यालाच नीट कळतं. भाच्याला सांगा, इंकस्केपमध्ये मराठी जोडाक्षर कुठे तुटत असेल तर चित्रासह कळवायचं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये अशा कितीतरी सॉफ्टवेअरचे पाठ मराठीत आहेत, त्यानं ते बघावेत आणि दुकानात येणाऱ्या पोरांनाही दाखवावेत.

वाळूजकर (छ. संभाजीनगर)

ताईंशी सहमत. जॉब वर्कचा तो रिपोर्ट आम्ही आमच्यापुरताच ठेवलाय. मालकांशी बोललो, तो सर्वांसाठी खुला करायला त्यांची हरकत नाही. शेंद्र्यातल्या, चिकलठाण्यातल्या दुसऱ्या कारखान्यांनी वापरला तर तोही मोजायला सोपा जाईल: किती कारखान्यांनी घेतला आणि किती चलनं मुदतीत परत आली.

गोदातीर (नांदेड)

सर्वांचे आभार. या चर्चेवरून समितीपुढे ठेवायची टिपणी तयार केली आहे.

रजिस्टरात कोहा एक रुपयाला, मोसंबीबाग यांनी सांगितलेल्या शेऱ्यासह. ताळेबंदाला हात लावायचा नाही. सोबत ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात वेगळं पान जोडायचं. त्यात आपल्या आकाराच्या ग्रंथालयाला परवडेल अशा एका पॅकेजचं लेखी दरपत्रक, हीच बचत. बाजारातलं सगळ्यात महाग पॅकेज घेऊन आकडा फुगवायचा नाही. त्याखाली आपला झालेला खर्च, कर्मचाऱ्यांच्या तासांसह, मग ते तास सुट्टीचे का असेनात. आणि ज्या गोष्टी एरवी झाल्याच नसत्या त्या शब्दांत लिहायच्या: घरून पुस्तक शोधणारे विद्यार्थी, तयार उतरवून घेतलेल्या नोंदी, पुढे स्थलांतर करण्याची मोकळीक. त्यांना रुपयांत बसवायचा अट्टहास मी करणार नाही. बसतील तेव्हा बसतील.

मोसंबीबाग, एक शेवटची शंका. बॅकअप, नव्या आवृत्तीवर जाणं आणि भाषांतरासाठी ताईंसारख्यांना द्यायचं मानधन, हे कोणत्या शीर्षाखाली मागावं? मालमत्ता एक रुपयाची आणि देखभाल हजारोंची दिसली तर परत आक्षेप येईल.

मोसंबीबाग (जालना)

येणार नाही. देखभालीचा खर्च मालमत्तेच्या दरावर अवलंबून नसतो, कामाच्या गरजेवर असतो. 'संगणक व सॉफ्टवेअर देखभाल' या महसुली शीर्षाखाली मागा, मागणीसोबत सर्व्हरची जुनी नोंद आणि कोहाची नवीन नोंद, दोन्हींचे रजिस्टर क्रमांक द्या. बॅकअपसाठी हार्ड डिस्क घ्यायची असेल तर ती मात्र वेगळी, भांडवली खर्चात. भाषांतराचं मानधन तिसऱ्या ओळीत, कामाचं स्वरूप आणि तास लिहून. ठराव आधी ग्रंथालय समितीत, मग महाविद्यालय विकास समितीत करून घ्या, म्हणजे पुढच्या लेखापरीक्षणाला कागद तयार असेल.